वाचकांचे प्रश्न : हानाचा रस्ता आणि हाना गाव

गेल्या अंकात पॉलिनेशियातील बेटांविषयी लिहिताना हवाईतील माउई बेटाच्या पूर्व टोकावरील हाना या गावाचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी हानाबद्दलच आहेत. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी कॅलिफोर्नियात असते. येत्या वर्षी तिच्याकडे जाणार आहोत, तेव्हा चार-पाच दिवस हवाईला जाण्याचा बेत आहे. आम्हा दोघांचीही साठी उलटली आहे. गर्दीची ठिकाणे नकोत. हाना एका दिवसात पाहून होते, असे मुलीचे मित्र सांगतात. ते खरे आहे का? (पुण्याहून एक दांपत्य)

हवाई हे १९५९ पासून अमेरिकेचे राज्य असल्यामुळे कॅलिफोर्नियाला जाण्यासाठी घेतलेला व्हिसाच तेथे चालतो, वेगळी परवानगी लागत नाही. सॅन फ्रान्सिस्को किंवा लॉस एंजेलिसहून माउईच्या कहुलुई विमानतळापर्यंत सुमारे साडेपाच तासांचा प्रवास आहे. बेटांचा पसारा आणि संस्कृती मात्र अमेरिकेची नव्हे, पॉलिनेशियाची आहे. उत्तरेला हवाई, नैर्ऋत्येला न्यूझीलंड आणि आग्नेयेला रापा नुई (ईस्टर बेट) हे तीन कोपरे जोडले की जो प्रचंड त्रिकोण तयार होतो, त्याचा हा वरचा कोपरा.

आता मूळ प्रश्न. एका दिवसात हानाचा रस्ता पाहून होतो, हाना नव्हे. कहुलुईहून हाना सुमारे ८४ किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात सहाशेहून अधिक वळणे आणि ५९ पूल आहेत. त्यांपैकी ४६ पुलांवरून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. कोठेही न थांबता गेले तरी अडीच तास लागतात, आणि थांबायचे नाही असे ठरवून या रस्त्याने कोणी जात नाही, कारण दर दुसऱ्या वळणावर एखादा धबधबा कोसळत असतो. त्यामुळे सकाळी निघालेली मंडळी दुपारी दोनच्या सुमारास गावात पोहोचतात, घाईघाईने काहीतरी खातात आणि अंधार पडण्यापूर्वी परतण्यासाठी लगेच गाडी वळवतात. ज्या शांततेसाठी एवढा आटापिटा केला, ती दुपारी चारनंतर, म्हणजे हे सगळे निघून गेल्यावर, गावात अवतरते. पंधराशेच्या आसपास वस्तीचे हे गाव आहे. संध्याकाळी खाडीकाठच्या गवतावर मुले खेळत असतात, धक्क्यावर कोणी गळ टाकून बसलेले असते, आणि टेकडीमागे ढग उतरू लागतात. तेव्हा निदान दोन रात्री मुक्काम करा, असा माझा आग्रह आहे. गावात एक जुने, महागडे हॉटेल आहे, काही परवानाधारक घरगुती निवासस्थाने आहेत, आणि जवळच्या राज्य उद्यानात साध्या खोल्याही मिळतात. मात्र सगळ्यांचेच आरक्षण फार आधी करावे लागते.

वरंधा किंवा अंबा घाटातून गाडी चालवण्याची सवय असलेल्या माणसाला वळणांचे भय वाटणार नाही. अडचण होते ती दोन गोष्टींची. पहिली म्हणजे तेथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवावी लागते. म्हणून स्टिअरिंग मुलीच्या हाती देणेच बरे. दुसरी अडचण पुलांवरच्या शिष्टाचाराची. एकपदरी पुलावर समोरून गाड्या येत असतील तर थांबायचे, त्या बाजूच्या पाच-सात गाड्या गेल्या की मग आपल्या बाजूने निघायचे, असा तेथील अलिखित नियम आहे. पहिल्या खेपेस मला तो ठाऊक नव्हता. माझ्यापुढे सहा-सात गाड्या पुलावरून गेल्या, त्यांच्या मागोमाग मीही गाडी पुढे घातली. पलीकडे एक बाई जुन्या पिकअपमध्ये खोळंबून बसल्या होत्या. त्यांनी हॉर्न वाजवला नाही की कपाळाला आठी घातली नाही. मी समोर आल्यावर फक्त अंगठा आणि करंगळी पसरून हात हलवला, जो तेथील सर्वसाधारण नमस्कार आहे. त्या नमस्काराने मला जेवढी लाज वाटली, तेवढी हॉर्नने वाटली नसती. मागून स्थानिक माणसाची गाडी जवळ आली तर रुंद जागा पाहून बाजूला व्हावे, हाही त्याच शिष्टाचाराचा भाग आहे. आपण सहलीला निघालेले असतो, पण त्यांना दवाखान्याची वेळ गाठायची असते.

पाइया या गावी पेट्रोलची टाकी भरून घ्या आणि नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण पुढे बराच वेळ रेंज नसते. ज्यांना घाटात मळमळते त्यांनी औषध निघण्यापूर्वी घ्यावे. हानाला लहानसा विमानतळही आहे, पण तेथे उतरणाऱ्या छोट्या विमानांच्या वेळा बदलत राहतात. तेव्हा सारा बेत त्यांच्या भरवशावर आखू नये.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील निवृत्त शिक्षिका आहे. हवाईत अळू आणि नीरफणस हे मुख्य अन्न आहे, असे आपण लिहिले होते. आमच्या परसातली ही झाडे इतक्या दूर कशी पोहोचली? आणि शाकाहारी माणसाची तेथे सोय होते का?

आपल्या प्रश्नामुळे मला फार आनंद झाला, कारण कोकणात वाढलेल्या माणसाने हानाला जावे याचे खरे कारण ही झाडेच आहेत.

पॉलिनेशियन लोक हवाईत साधारण आठशे ते हजार वर्षांपूर्वी पोहोचले. दोन होड्या जोडून केलेल्या नौकांतून हजारो किलोमीटर समुद्र ओलांडताना त्यांनी अळूचे कंद, केळीचे मुनवे, नारळ, ऊस, हळद आणि नीरफणसाची रोपे जपून नेली. अळू आणि ऊस यांचे मूळ आग्नेय आशिया व न्यू गिनीच्या पट्ट्यात आहे. तेथून काही वनस्पती पश्चिमेकडे आपल्यापर्यंत आल्या आणि त्याच पूर्वेकडे बेटाबेटांतून हवाईपर्यंत गेल्या. नीरफणसाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हवाईच्या जुन्या नीरफणसाला बी धरत नाही. मुळांना फुटलेले कोंब काढूनच नवे झाड लावावे लागते, जसे आपणही करतो. म्हणजे त्या नावाड्यांनी खाऱ्या वाऱ्यापासून झाकून, गोड्या पाण्याचा घोट वाचवून ते कोंब जिवंत ठेवले असणार. आपल्या किनाऱ्यावर हे झाड पुष्कळ नंतर, युरोपीय जहाजांच्या काळात आले. हानाजवळच्या कहानू उद्यानात नीरफणसाचे शंभराहून अधिक वाण पॅसिफिकमधील वेगवेगळ्या बेटांवरून आणून लावले आहेत. कोणाचे पान हाताच्या पंजासारखे कातरलेले, कोणाचे जवळजवळ अखंड. कोणते फळ गुळगुळीत, तर कोणते काटेरी. ज्यांनी आयुष्यभर एकाच जातीच्या नीरफणसाचे काप तळले, त्यांना तेथे दोन तास कसे गेले ते कळत नाही.

अळूचे नाते त्याहून जवळचे आहे. हवाईच्या पुराणकथेप्रमाणे आकाशपिता वाकेआ याचे एक मूल मृत जन्मले. त्याला जेथे पुरले तेथे अळूचे पहिले रोप उगवले, त्याचे नाव हालोआ. नंतर जन्मलेल्या दुसऱ्या मुलालाही तेच नाव दिले आणि तो माणसांचा पूर्वज झाला. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ ठरतो. कुटुंबाला तेथे ‘ओहाना’ म्हणतात. हा शब्द ‘ओहा’ म्हणजे अळूच्या मूळ कंदाला फुटणारी पिल्ले, यावरून आला आहे, असे तेथे सांगतात. अळकुड्या सोलणाऱ्या कोणालाही ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

हानाच्या वाटेवर साधारण मध्यावर केअनाए नावाचे भूशिर समुद्रात घुसले आहे. काळ्या लाव्हाच्या या जिभेवर माती नव्हतीच, एका नायकाच्या हुकुमाने लोकांनी डोंगरातून टोपल्या भरभरून माती आणून पसरली, अशी दंतकथा आहे. आज तेथे पाण्याने भरलेली अळूची खाचरे आहेत. बांध आहेत, पाटातून खेळवलेले पाणी आहे, पाने वाऱ्यावर डुलत आहेत. भाताच्या जागी अळू लावला असता तर आपला मळा असाच दिसला असता. १ एप्रिल १९४६ रोजी अल्यूशन बेटांजवळच्या भूकंपामुळे उठलेल्या त्सुनामीने केअनाए जवळजवळ धुऊन नेले. १८६० मध्ये बांधलेले दगडी चर्च मात्र उभे राहिले, ते आजही पाहता येते.

तेथे अळूचे पान फतफत्यासाठी वापरत नाहीत. पान नारळाच्या दुधात शिजवतात, पण बहुधा मांस किंवा मासे घालून. मुख्य अन्न म्हणजे कंदाची ‘पोई’. शिजवलेला कंद दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून केलेली ही जांभळट राखाडी लापशी नाचणीच्या घट्ट आंबिलीसारखी दिसते आणि एक-दोन दिवसांनी तशीच आंबूस होते. ती किती घट्ट आहे हे किती बोटांनी उचलावी लागते त्यावरून सांगतात, म्हणजे एकबोटी पोई सर्वांत घट्ट. अळू खाजतो तो त्यातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे. आपण चिंच किंवा आमसूल घालतो, ते लोक तासन्‌तास शिजवतात. पहिला घास अनेकांना बेचव वाटतो, मलाही वाटला होता. दुसऱ्या दिवशी आंबलेल्या पोईबरोबर थोडे मीठ घेतले, तेव्हा मत बदलले.

शाकाहाराबद्दल थोडक्यात सांगायचे तर उपासमार होणार नाही, पण चैनही होणार नाही. भात, भाजलेला नीरफणस, पोई, पपई, केळी आणि शहाळे मिळते. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिळणारा केळ्याचा ब्रेड बहुधा अंडे घालून केलेला असतो, हे अंडे न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. काही टपऱ्यांवर विक्रेता नसतोच. फळांचे वाटे मांडलेले, शेजारी पैसे टाकण्यासाठी भोक पाडलेली पेटी. म्हणून सुटे डॉलर जवळ ठेवावेत. गावातले हॉटेल वगळता रात्री जेवणाची ठिकाणे लवकर बंद होतात. मी पोह्यांची आणि मेतकुटाची पाकिटे नेली होती, त्यांचा उपयोग झाला.

प्रश्न : हानाचा लाल वाळूचा किनारा आणि काळ्या वाळूचा किनारा यांपैकी कोणता पाहावा? मुलांना पोहायला कोठे न्यावे? (ठाणे आणि नाशिक येथील वाचक)

काळा पाहावा, लाल पाहू नये. लाल किनारा काउइकी टेकडीच्या मागे आहे आणि तेथील वाट कड्याच्या कुशीतून, सुटलेल्या बारीक खडीवरून जाते. ती दरवर्षी ढासळते आणि तेथे माणसांना गंभीर इजा झालेल्या आहेत. शिवाय वाटेत खासगी जमीन लागते. छायाचित्रे सुंदर येतात म्हणून मुलांना घेऊन तेथे जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

काळ्या वाळूचा किनारा वाइआनापानापा राज्य उद्यानात आहे. तापलेला लाव्हा समुद्रात पडून फुटला आणि लाटांनी त्याचे कण घासले, अशी ही वाळू बनली. हवाईबाहेरील पाहुण्यांना तेथे दिवस आणि वेळ ठरवून आगाऊ आरक्षण करावे लागते, आयत्या वेळी दारात पावती मिळत नाही. महिनाभर आधी आरक्षण खुले होते. तेथील गुहांतल्या गोड्या पाण्याच्या डोहांत वर्षातून काही वेळा बारीक लाल झिंगे इतक्या संख्येने येतात की पाणी तांबडे दिसते. नवऱ्याच्या हातून तेथे मारल्या गेलेल्या एका राणीची कथा त्या रंगाशी जोडली गेली आहे. तेथूनच समुद्राच्या कडेने हानाकडे जाणारी जुनी राजवाट निघते. त्या वाटेवर केवड्याच्या भाऊबंदांची बने आहेत. तेथे केवड्याच्या कणसासाठी नव्हे, तर पानांसाठी हे झाड जपतात आणि त्यांच्या चटया, टोपल्या विणतात.

पोहण्यासाठी मुलांना हानाच्या खाडीत न्यावे, कारण तेथे पाणी त्या मानाने शांत असते. हामोआचा किनारा देखणा आहे, पण पुढे प्रवाळाची आडभिंत नसल्याने लाटा थेट येतात आणि ओढही असते. गावापुढे सोळा-सतरा किलोमीटरवर हलेआकला राष्ट्रीय उद्यानाचा कीपाहुलू भाग आहे. तेथील ओहेओ ओढ्याचे एकाखाली एक उतरणारे डोह प्रसिद्ध असले तरी त्यांत उतरण्यास अनेकदा बंदी असते, आणि त्यामागे सबळ कारण आहे. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात पाऊस पडतो आणि पाण्याचा लोंढा काही मिनिटांत येतो. शिवाय तेथील ओढ्यांत लेप्टोचे जंतू असू शकतात. कोकणात भाताच्या खाचरात उतरणाऱ्यांना ठाऊक असलेली खबरदारी तेथेही घ्यावी, म्हणजे पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये. त्यापेक्षा पीपीवाईची वाट धरावी. जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटरची ही वाट आधी एका प्रचंड वडाशेजारून आणि मग दाट बांबूच्या बनातून जाते. वारा आला की बांबू एकमेकांवर आपटून लाकडी टाळांसारखे वाजतात. शेवटी सुमारे १२० मीटर उंचीचा वाइमोकू धबधबा आहे.

प्रश्न : निसर्ग सोडून इतिहासाच्या दृष्टीने हानाला काय आहे? (कोल्हापूरहून एक इतिहासप्रेमी)

आपण किल्ल्यांच्या मुलखातले, म्हणून काउइकीपासूनच सुरुवात करतो. खाडीच्या तोंडाशी असलेली ही लालसर टेकडी म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा ढीग आहे. अठराव्या शतकात ती लढाऊ गढी होती. हवाई याच नावाच्या शेजारच्या बेटाच्या राजाने ती बरीच वर्षे धरून ठेवली होती. १७८० च्या दशकाच्या सुरुवातीस माउईचा राजा काहेकिली याने वेढा घालून गढीचे पाणी तोडले आणि ती परत मिळवली. तोफा नव्हत्या, बुरूज नव्हते, पण युक्ती आपल्या ओळखीचीच आहे.

याच टेकडीच्या पायथ्याशी एका गुहेत १७६८ च्या सुमारास काअहुमानू जन्मली असे मानतात. सर्व बेटे एका छत्राखाली आणणाऱ्या पहिल्या कामेहामेहाची ही आवडती राणी. तिच्या काळी ‘कापू’ नावाची निषेधांची कडक व्यवस्था होती. ‘टॅबू’ हा शब्द ज्या पॉलिनेशियन शब्दावरून जगभर गेला, त्याचेच हे हवाईतले रूप. स्त्रियांनी पुरुषांबरोबर जेवायचे नाही. डुकराचे मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी त्यांना वर्ज्य होती. मोडणाऱ्याला मृत्युदंडही होऊ शकत असे. मे १८१९ मध्ये राजा वारल्यावर काअहुमानूने राज्यकारभारात वाटा मिळवला आणि त्याच वर्षी तरुण राजा लिहोलिहो याला स्त्रियांच्या पंक्तीला बसून जेवायला लावले. एका जेवणाने ती व्यवस्था कोसळली. सोवळे-ओवळे आणि पंक्तिभेद यांवर शतकभर वाद घातलेल्या मराठी माणसाला या प्रसंगाचे वजन लगेच कळावे. मात्र तिला निखळ सुधारक ठरवणेही बरोबर होणार नाही. पुढे तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८३० मध्ये जाहीर हुला नृत्यावर तिनेच बंदी घातली.

कहानू उद्यानातच पिइलानीहाले हे देवस्थानाचे प्रचंड जोते आहे. चुन्याशिवाय रचलेल्या काळ्या दगडांची त्याची भिंत सुमारे १५ मीटर उंच जाते. त्यावर चढण्यास मनाई आहे, खालूनच पाहावे.

ऊस हा अलीकडचा इतिहास. १८४९ पासून १९४० च्या दशकापर्यंत हानाला उसाचे मळे होते. त्यावर राबण्यासाठी चिनी, जपानी, पोर्तुगीज आणि फिलिपिनो मजूर आले. फिजीप्रमाणे गिरमिटिये येथे आणले गेले नाहीत, त्यामुळे फिजीसारखी जुनी भारतीय वस्ती हानाला आढळणार नाही. मळे बंद पडल्यावर १९४६ मध्ये पॉल फेगन या धनिकाने हॉटेल काढले आणि उसाच्या जमिनीवर गुरे चरू लागली. १९१० मध्ये एका जपानी कुटुंबाने सुरू केलेले हासेगावा जनरल स्टोअर मात्र अजून चालते. मूळ दुकान १९९० मध्ये जळाले, तेव्हा ते गावच्या जुन्या चित्रपटगृहात हलवले. गळ, कंदील, तांदळाची पोती, पोस्टकार्डे आणि रबरी चपला एकाच छपराखाली पाहून मला तालुक्याच्या गावातील किराणा-भुसार दुकानाची आठवण झाली.

प्रश्न : जाण्यास योग्य ऋतू कोणता?

आपला पाऊस चार महिने मुक्कामाला येतो, हानाचा पाऊस वर्षभर येऊन-जाऊन असतो. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे ढग डोंगरावर आदळवतात, दहा मिनिटे सर येते आणि पुन्हा ऊन पडते. नोव्हेंबर ते मार्च पाऊस अधिक आणि समुद्र खवळलेला असतो. म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. उन्हासाठी लावायचे मलम तेथेच विकत घ्यावे, कारण खनिज घटक नसलेली मलमे माउईत २०२२ पासून बंद आहेत. ती प्रवाळाला अपायकारक ठरतात.

प्रश्न : २०२३ च्या वणव्यानंतर माउईला सहलीला जाणे योग्य आहे का? (मुंबईहून एक वाचक)

८ ऑगस्ट २०२३ रोजी जळाले ते बेटाच्या पश्चिमेकडील लाहाइना शहर. तेथे शंभरहून अधिक माणसे गेली. हाना बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेथे आग पोहोचली नव्हती. पर्यटन हा बेटाच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे, तेव्हा जाण्यात गैर काही नाही. लाहाइनाच्या जळलेल्या वस्तीत फोटो काढत फिरू नये, एवढे भान ठेवले म्हणजे झाले. हानाकडेही ज्या फाटकावर ‘कापू’ असे लिहिलेले दिसेल, त्याच्या आत पाऊल टाकू नये. काअहुमानूने मोडलेला तो शब्द आता ‘आत येऊ नये’ एवढ्याच अर्थाने उरला आहे.

प्रश्न : तेथून नीरफणसाचा किंवा अळूचा एखादा वेगळा वाण लावण्यासाठी आणता येईल का? (सिंधुदुर्गातील एक बागायतदार)

येणार नाही. कहुलुईहून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे निघताना विमानतळावरच शेतकी खात्याचे तपासनीस सामान पाहतात. मातीसकट मुळे, कोंब आणि बहुतेक ताजी फळे काढून ठेवतात. भारतात उतरतानाही रोपांना परवाना लागतो. मागच्या खेपेस माझ्या पिशवीतून एक पपई अशीच गेली. केवड्याच्या जातीच्या सुक्या पानांची विणलेली टोपली मात्र त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. ती आता आमच्या घरी लसणासाठी वापरतात.